उचलून नको, चाकांवर

पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोप उडाली. तुझे ट्रेकवाले तुला डोलीत घालून राजगडावर न्यायला निघालेत, बारा जण आळीपाळीने खांदा देणार, आणि तू मला विचारतेस, "ताई, जाऊ का?" वर आमच्या व्हीलचेअरवाल्या ग्रुपच्या माथेरानच्या ट्रेकबद्दल लिहितेस, "सपाट वाटेवर चाकं फिरवायची, याला ट्रेक कसं म्हणायचं?" अपघाताआधी तू नळीच्या अवघड वाटेने हरिश्चंद्रगड केलेला आहेस, तेव्हा हा प्रश्न तुला पडणारच. मलाही पडला होता. त्या प्रश्नापायी माझी अकरा वर्षं गेली.

1994 साली मला असंच नेलं होतं. राजगडावरच, पाली दरवाजाने. अपघाताला तीन वर्षं झाली होती, डी-12, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्यापाशी इजा, कमरेखाली काही कळत नव्हतं. मित्रांनी दोन बांबूंना झोळी बांधली. चढताना माझं तोंड आभाळाकडे. वाट मला दिसलीच नाही. झाडांचे शेंडे दिसले, आणि पुढचा बांबू धरलेल्या मित्राचा खांदा, शर्ट घासून घासून सालपट निघालेला. तहान लागली तरी मी पाणी मागितलं नाही. पाणी प्यायलं की लघवीचं बघावं लागणार, आणि एवढ्या पुरुषांना थांबवून ते सांगायचं कसं? पद्मावती माचीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. घरी आल्यावर आईला माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. झोळीत गादी नव्हती, अंग उचलून घ्यायला जागा नव्हती. तो बेडसोर भरेपर्यंत चार महिने पालथं पडून काढले.

जखम भरली. पण डोक्यात एक पक्कं बसलं, की गड गाठायचा तर उचलून, नाहीतर घरी बसायचं. मी घरी बसले. मित्र बोलवायचे, मी काहीतरी कारण सांगायचे. पुढे बोलावणंच थांबलं. तिसरा रस्ता असतो हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगते आहे: वाट आपल्या चाकांनी कापायची. छोटी असू दे, गडावर न जाणारी असू दे. आपल्या चाकांनी.

2005 ला बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेले. फाटकापासून कान्हेरीकडे जाणारा डांबरी रस्ता, सुमारे सहा किलोमीटर. मी त्यातले दोन केले आणि परत फिरले. खांदे भरून आले होते, तळहात सोलले होते. लेण्यांच्या पायऱ्या माझ्यासाठी नव्हत्या, पण कुठे थांबायचं, कुठल्या झाडाखाली, किती वेळ, हे चौदा वर्षांत पहिल्यांदा मी ठरवलं होतं. त्या दोन किलोमीटरला ट्रेक म्हणायचं नसेल तर मला दुसरा शब्द सांग.

आणि माथेरान सपाट आहे हे तुला कोण म्हणालं? पायांना ते सपाट वाटतं. आपल्याला चढापेक्षा आडवा उतार छळतो. वाट जरा जरी दरीच्या बाजूला कलली की खुर्ची तिकडे ओढ घेते, मग एकच हात सगळं काम करतो आणि दुसरा नुसता ब्रेक लावतो. जांभ्याच्या खडीत पुढची छोटी चाकं रुततात. ती जमिनीवरून उचलून धरणारं एक मोठं चाक पुढे जोडता येतं, ते माझ्याकडे आहे, तुला देईन. पाऊस संपून लाल माती घट्ट बसली की वाट चांगली, उन्हाळ्यात तिचा भुगा होतो. रॅम्पचं माप 1:12 असतं, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. माथेरानच्या मातीला हे माप ठाऊक नाही. म्हणून आम्ही आधी रेकी करतो, म्हणजे वाट बघून, मोजून येतो, टेप घेऊन. वाटेवरच्या टॉयलेटचं दार 24 इंच आणि माझी खुर्ची 25. हा एक इंच आधी कळला नाही तर अख्खा दिवस वाया जातो.

दस्तुरीपासून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून, गावाकडे जाणाऱ्या वाटेवर पेव्हर ब्लॉक असावेत की नसावेत यावरून किती वर्षं कोर्टकचेरी चालली. मी पेव्हरच्या बाजूची आहे आणि ते म्हणताना आत कुठेतरी टोचतं, कारण त्या लाल मातीसाठीच लोक माथेरानला येतात. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, माणसाने माणसाला ओढायचं नाही म्हणून. ती बातमी वाचताना मला तो सालपटलेला खांदा आठवला. तुझ्या बारा जणांना हे सांग. त्यांचं मन चांगलं आहे, यात मला शंका नाही. माझ्या मित्रांचंही होतं.

ग्रुपमध्ये आमचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात सावकाश चालणारी खुर्ची लीडरच्या लगेच मागे, धडधाकट मंडळी तिच्या मागे. पहिल्या तासात दीड किलोमीटर झालं तरी चालेल. बेडसोर होऊ नये म्हणून दर वीस मिनिटांनी थांबून गादीवरून अंग उचलायचं, मिनिटभर, न चुकता. गप्पा रंगल्या तरी. लघवीची वेळ घड्याळ लावून पाळायची आणि मोठ्याने सांगायची, लाजायचं नाही. मी राजगडावर लाजले होते.

आता एक गोष्ट सांगते, ती मी फारशी बोलत नाही. एकदा माथेरानच्या चढावर ग्रुपमधल्या एका काकांनी मागे वळून म्हटलं, "जरा हात लावता का कुणी?" दोन पोरं पुढे झाली. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, काका, आपल्या चाकांनी. ते चढले. वर पोचल्यावर एक शब्द बोलले नाहीत आणि पुन्हा कधी आले नाहीत. मी चुकले का? मदत त्यांनी स्वतः मागितली होती, आणि मागून घेतलेला हात आणि न विचारता उचललेली डोली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे मला आता कळतं. पण तेव्हा मी हात लावू दिला असता तर पुढच्या चढावर प्रत्येक खुर्चीमागे एकेक जण उभा राहिला असता, हे मी आजही म्हणेन. अकरा वर्षं घालवून जे हाती लागलं ते मी इतक्या सहज सोडणार नव्हते. काकांना फोन करायला हवा होता. केला नाही.

तू पंचविशीचीही नाहीस. चिडतेस, रडतेस, जुने फोटो बघतेस, सगळं कर. पण डोलीला नाही म्हण, आणि माझं नाव पुढे करू नकोस. तुझं तू म्हण.

रेकी पुढच्या शनिवारी आहे. सकाळी सातला दस्तुरीच्या पार्किंगपाशी ये. गादी तपासून आण, टायरमध्ये हवा भरून आण. तुझ्या बारा जणांतले दोघं आले तर त्यांना टेप धरायला देऊ.

तुझी ताई