वाचकांचे प्रश्न : वळणावरची कट्-कट्

प्रश्न : माझी २०१४ ची अर्टिगा यवतेश्वर घाटात डाव्या वळणांवर पुढून ‘कट्-कट्’ आवाज करते. सरळ रस्त्यावर काही नाही. गॅरेजवाले दोन्ही ॲक्सल बदला म्हणतात. गरज आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्हींची घाई करू नका. ॲक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना वळते सांधे असतात, तेच सीव्ही जॉइंट : गिअरबॉक्सकडचा आतला, चाकाकडचा बाहेरचा. ही खूण बाहेरच्याची. डाव्या वळणावर भार उजवीकडे जातो, म्हणून पहिला संशय उजव्यावर. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरवा, मग उलट बाजूने. चाकाच्या गतीबरोबर कट्-कट् वाढली तर जॉइंटच. वेगाबरोबर ‘घूंऽऽ’ वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा, आणि सरळ जाताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरत असेल तर आतला जॉइंट.

आता खाली वाकून रबर बूट, म्हणजे जॉइंटवरचं चुण्यांचं रबरी आवरण बघा. चुण्या बोटांनी उघडून बघा, चीर तिथेच लपते. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं की बूट फाटलाच. आत गेलेल्या चिखलाने ग्रीसची खरवड होते आणि जॉइंटमधल्या गोळ्या आपल्या खाचांमध्ये खड्डे पाडतात. एकदा आवाज सुरू झाला की नवं ग्रीस भरून तो जॉइंट वाचत नाही, बदलायलाच हवा. पण डाव्याचा बूट फाटलाय आणि आवाज नाही, असं असेल तर जॉइंट डिझेलने धुऊन खाचांवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर नुसता बूट पुरे.

काम करताना गाडी जमिनीवर असतानाच हब नटची (चाकाच्या मधोमध ॲक्सल धरणारा नट) ठेचलेली कड छिन्नीने उचलून नट सैल करा. मग जॅक लावा आणि गाडीखाली आधाराची घोडी. गिअर ऑइल काढून घ्या, खालच्या सस्पेन्शन आर्मचा बॉल जॉइंट सोडवा, नकल (चाकाचा हब बसतो तो भाग) बाहेर ओढा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणू देऊ नका. ॲक्सल हाताने ओढू नका, आतला जॉइंट सुटा होतो. गिअरबॉक्सपाशी टॉमी (लोखंडी पहार) लावून उचका आणि ऑइल सील नवंच टाका.

नवा जॉइंट ठोकण्याआधी बूट आणि क्लॅम्प शाफ्टवर चढवा. ही चूक फार होते, मग सगळं पुन्हा उघडावं लागतं. जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी सर्क्लिप (स्प्रिंगची कडी) नवी. किटमधलं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस पूर्ण वापरा, चॅसिसचं ग्रीस चालणार नाही. क्लॅम्प आवळण्याआधी बुटातली हवा काढा. हब नट नवाच, तोही मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने. सैल राहिला तर नवं बेअरिंगही जातं. म्हणूनच ॲक्सल काढलेली गाडी ढकलूसुद्धा नका.

प्रश्न : जुन्या ओम्नीला रिव्हर्स टाकताना ‘खट्’ होतं. सीव्ही जॉइंट बदलू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ओम्नीला सीव्ही जॉइंट नाहीच. ती मागच्या चाकांवर चालते, गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टवर. तिथला क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा तपासा : शाफ्ट दोन्ही हातांनी पिळा, क्रॉसपाशी ढिलाई जाणवली तर बदला. शाफ्ट काढताना गाडी मागून उचला, नाहीतर गिअर ऑइल सांडतं. आणि शाफ्ट जिथे बोल्टने जोडला जातो त्या फ्लँजवर आधी खूण करा. शाफ्ट वेगळ्या जागी बसला तर खट् जाऊन थरथर येते.