नातीच्या डोक्यावर १ लाख ४० हजारांचं कर्ज?

प्रश्न : मागच्या महिन्यात नात झाली. बारशाच्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की आज भारतात जन्मणारं प्रत्येक बाळ डोक्यावर १ लाख ४० हजारांचं सरकारी कर्ज घेऊन येतं. रात्रभर तेच डोक्यात. आकडा खरा आहे का? आणि हे तिला फेडावं लागणार का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, आधी नातीसाठी मनापासून अभिनंदन! आकडा खोटा नाहीये, भागाकार बरोबर आहे. २०२५-२६ च्या बजेटमध्ये मार्च २०२६ अखेर केंद्राचं एकूण देणं साधारण १९७ लाख कोटी धरलं होतं, ते १४२ कोटी लोकांत वाटलं (तोही अंदाजच, कारण शेवटची जनगणना झाली २०११ ला) की माणशी १ लाख ३८-३९ हजार येतात. महाराष्ट्राचं कर्ज याच्यात नाहीच, ते त्याच वर्षीच्या बजेटप्रमाणे ९ लाख ३२ हजार कोटी, म्हणजे माणशी आणखी ७०-७५ हजार.

पण म्हणून नातीच्या दारात कोणी वसुलीला येणार नाही. सरकार जुन्या रोख्यांची (म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांची) मुदत संपली की नवे रोखे काढून ते पैसे देतं, हे चक्र चालूच राहतं. आणि हे पैसे सरकारला दिलेत कोणी? बरेचसे आपणच, बँका, एलआयसी, पीएफ यांच्यामार्फत. तुम्ही बँकेत १ लाखाची एफडी केलीत तर एसएलआरच्या नियमाने (बँकेने ठेवींचा ठरावीक हिस्सा सुरक्षित ठिकाणी ठेवायचाच, असा नियम) त्यातले साधारण १८ हजार बँकेला मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावे लागतात, म्हणजे देणेकरी म्हणून मेसेजमध्ये तुमचं नाव आहे तसं घेणेकरी म्हणूनही आहे, ते मात्र मेसेजवाले लिहीत नाहीत.

शिवाय माणशी आकड्यावरून देश बुडणार की तरणार हे कळतच नाही. अमेरिकेचं सरकारी कर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये ३६ लाख कोटी डॉलरवर गेलं, लोक ३४ कोटी, म्हणजे माणशी लाखभर डॉलर, आपले ८५ लाखांच्या पुढे! तरी लोक त्यांना कर्ज देतायत. श्रीलंकेचं माणशी कर्ज याच्या तुलनेत किरकोळ होतं पण बरंचसं डॉलरमध्ये, आणि तिजोरीतले डॉलर संपले तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये त्यांना परदेशी कर्जाचे हप्ते थांबवावे लागले, पेट्रोलसाठी लोक दिवसदिवस रांगेत उभे होते. आपल्या केंद्राच्या कर्जात परदेशी वाटा शंभरात पाच-सहा रुपये धरा फार तर, बाकी सगळं रुपयात.

मला खरी काळजी वाटते ती व्याजाची. २०२५-२६ च्याच बजेटात केंद्राने व्याजाला १२ लाख ७६ हजार कोटी ठेवले होते आणि महसुली जमा (कर वगैरेंतून येणारं उत्पन्न, कर्ज सोडून) धरली होती ३४ लाख २० हजार कोटी, म्हणजे शंभर रुपये आले की त्यातले ३७ व्याजातच गेले, माणशी वर्षाला ९ हजार. नातीला झळ बसेल तर इथेच, कारण तिची अंगणवाडी, लस, शाळा, गावचा दवाखाना हे सगळं उरलेल्या पैशातून भागवायचंय, आणि ते पुरलं नाही की परत कर्ज.

१ फेब्रुवारीला बजेट आलं की ‘बजेट अ‍ॅट अ ग्लान्स’ हा बजेटचा गोषवारा काढून बघा, महसुली जमा आणि व्याज एकाच तक्त्यात असतात. व्याज भागिले जमा करा, ३७ चे ३५ झाले की ४० ते बघा, आणि ग्रुपवर तो आकडा टाका.