शुगरच्या औषधाने वजन कमी होतं ते पोटामुळे की मेंदूमुळे?

तुम्ही विचारलंय की शुगरचं औषध घेऊन माणूस बारीक कसा होतो, ते पोटावर काम करतं की डोक्यावर. डोक्यावर. पोट जरा सावकाश रिकामं होतं ते आहेच, पण खरा खेळ मेंदूत, आणि हेच मी आमच्या नणंदबाईंना गेलं वर्षभर समजावतेय.

मी फोंड्याची, शुगर बारा वर्षं. ग्लिमेपिराइडची गोळी आणि मग इन्सुलिन, दोन्हींवर माझं वजन उलट वाढलं, तेव्हा सरसकट शुगरचं औषध म्हणू नका, तुम्ही ऐकलंय ती सेमाग्लुटाइडची आठवड्याची इंजेक्शनं. तर नणंद. लग्न होऊन आले तेव्हापासून एकच पालुपद, वहिनी, जिभेवर ताबा नको का. तिला काय, वाटीभर शीत-कडीवर पोट भरतं तिचं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नैवेद्य होईपर्यंत मी कसाबसा धीर धरायची आणि मग मी नि नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. एक खाऊन उठले तरी रात्री अंथरुणात डोक्यात डबाच.

गेल्या चवथीला इंजेक्शन सुरू होऊन पाच महिने झालेले. आरत्या झाल्या, भांडी आवरली, झोपले, आणि सकाळी आठवलं की काल नेवरीला हातसुद्धा लावला नाही. रडले मी, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं जो निग्रह नव्हता तो पाच महिन्यांत कुठून आला? आला नाहीच, भूक गप्प झाली.

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-वन नावाचं हार्मोन सुटतं, ते दोनेक मिनिटांत निम्मं संपतं. हे औषध त्याचीच नक्कल, पण आठवडाभर टिकणारी. मेंदूच्या मागच्या तळाशी एक भाग आहे जिथे रक्तातलं औषध सहज पोचतं, शिवाय हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागात, भूक पेटवणाऱ्या पेशी मंदावतात आणि पोट भरलं सांगणाऱ्या जाग्या होतात (हे बरंचसं उंदरांवर बघितलेलं). तो मागचा भाग उलटीचाही. डोस वाढवला त्याच आठवड्यात मी शागुती (आमचं मसालेदार मटण-चिकन) चापली आणि दुसऱ्या दिवशी पणजीच्या बसमध्ये बाणस्तारीला पिशवी शोधायची वेळ आली.

आता नणंदेचं नवीन, इंजेक्शन टोचून कोणी पण बारीक होईल, त्यात तुझं काय कर्तृत्व. अगं मग तुझं तरी काय, तुझ्या मेंदूला तेच फुकटात मिळतंय!

आणि हो, याच औषधाच्या, शुगर नसलेल्यांवरच्या 2021च्या ट्रायलमध्ये 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं, शुगरवाल्यांचं त्याहून कमी उतरतं. बंद केलं की वर्षभरात उतरलेल्यातलं साधारण दोन तृतीयांश परत येतं. घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर हात लावू नका, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरना आधी सांगा, फार्मसीतून स्वतःच आणून टोचू नका. सोबत इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, त्याचा डोस डॉक्टरकडून बदलून घ्या. तुमची गोळी नुसती मेटफॉर्मिन असेल तर मात्र फार आशा ठेवू नका, माझे तिच्यावर दोन वर्षांत दोन किलो उतरले असतील नसतील.