ओढ्याचा काठ, ट्राउटचं घर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गटाने गेल्या एप्रिलअखेर ओढ्याच्या काठावर विलो या पाणकाठच्या झाडाच्या दोनशे खुंट्या, म्हणजे जिवंत फांद्यांचे तुकडे, ठोकल्या. पानंही फुटली, पण जुलैपर्यंत निम्म्याहून जास्त वाळल्या. काय चुकलं?
– एक वाचक, ला क्रॉस, विस्कॉन्सिन

उत्तर : पानं फुटून मग वाळल्या, यातच उत्तर आहे. ती पानं फांदीत साठलेल्या अन्नावर फुटली, मुळं सुटलीच नव्हती. एक वाळलेली खुंटी उपटून खालचं टोक बघा. साल सुकलेली असेल आणि मुळांचे पांढरे ठिपकेही दिसत नसतील, तर खुंटी ओलीपर्यंत पोचली नव्हती किंवा तिच्याभोवती पोकळी राहिली होती.

फांद्या झाड झोपेत असताना, म्हणजे पानगळ झाल्यापासून डोळे फुगेपर्यंतच तोडायच्या. एप्रिलअखेर म्हणजे बहुतेक उशीर झाला. जाडी दोन ते चार सेंटिमीटर, लांबी 60 ते 90 सेंटिमीटर. खालचं टोक तिरपं आणि वरचं सपाट कापा. घाईत अनेक खुंट्या उलट्या ठोकल्या जातात, त्या जगत नाहीत. लावण्याआधी किमान एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा.

थेट हातोडीने ठोकू नका, साल सोलली जाते. आधी पहारीने किंवा सळईने भोक पाडा. दोन तृतीयांशाहून जास्त लांबी जमिनीत गेली पाहिजे आणि टोक उन्हाळ्याच्या अखेरीसही जिथे ओल असते तिथपर्यंत उतरलं पाहिजे. वर दोन-तीन डोळे पुरेत. मग भोकात पातळ चिखल ओतून पायाने दाबा. ही पायरी बरेच जण टाळतात आणि बऱ्याच खुंट्या याच चुकीने मरतात. शेंडा फाटला असेल तर फाटलेला भाग छाटा. दोन खुंट्यांत 60 ते 90 सेंटिमीटर अंतर ठेवा, ओळी एकाआड एक. भोवतालचं रीड कॅनरी गवत पहिली दोन वर्षं कापत राहा, नाहीतर ते कोवळी फूट दाबून टाकतं. हरणं आणि झाडं कुरतडणारे बीव्हर असतील तिथे जाळी लावावीच लागते.

प्रश्न : इथे काठाखाली पाण्यात लाकडी कप्पे बसवतात. लाकूड कुजत नाही का? नुसते दगड का नाही टाकत?
– एक वाचक, मिनिआपोलिस

उत्तर : त्यांना लंकर्स म्हणतात. ओकच्या जाड फळ्यांचे दोन थर, मध्ये ठोकळे, प्रवाहाच्या बाजूने उघडे. सळया आरपार घालून तळात ठोकतात, वर आणि मागे दगड रचतात, त्यावर माती आणि गवत. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाला हवं असतं ते डोक्यावर छप्पर आणि शेजारून वाहतं पाणी, तेच इथे मिळतं. नुसत्या दगडांनी काठ थांबेल, पण असा आडोसा मिळत नाही.

लाकूड कायम पाण्याखाली असेल तर बुरशीला हवा मिळत नाही, म्हणून ते दीर्घकाळ टिकतं. उन्हाळ्यात पाणी उतरून वरची फळी उघडी पडली, तर मात्र ओल-सुकीत ती लवकर जाते. त्यामुळे पातळी उन्हाळ्यातल्या सर्वात कमी पाण्यावरून धरा. जागा वळणाच्या बाहेरच्या बाजूची, कारण तिथे प्रवाह कप्पा धुऊन काढतो. आतल्या बाजूला बसवलात तर तो गाळाने भरतो.

विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या डोंगराळ भागातले उभे काठ म्हणजे डोंगरउतारांवरच्या शेतीतून वाहून आलेली मातीच आहे. याच कारणाने 1933 मध्ये विस्कॉन्सिनच्या कून क्रीक खोऱ्यात अमेरिकेतला पहिला पाणलोट-संवर्धन प्रकल्प सुरू झाला. असे काठ साधारण एकास तीन (एक फूट उंचीला तीन फूट आडवं) उतारावर मागे घ्यावे लागतात. काठ वरून नाही, पायथ्यातून कोसळतो. आधी पायथा बांधा, मग विलो लावा. यंत्र पाण्यात उतरवण्यापूर्वी सरकारी परवाना लागतो. ब्रूक आणि ब्राऊन ट्राउट शरद ऋतूत खडीत अंडी घालतात, म्हणून तेव्हापासून वसंतापर्यंत तळ हलवायचा नाही. बारीक गाळ खडीत बसला की अंडी गुदमरतात.

प्रश्न : काठावर झाडं हवीत की गवत?
– तेच वाचक, मिनिआपोलिस

उत्तर : पाण्याचं तापमान मोजून ठरवा. थंड झऱ्यांवर चालणाऱ्या अरुंद ओढ्याला दाट गवत पुरतं. बॉक्स एल्डर झाडाच्या गर्द सावलीत तर गवत मरून माती उघडी पडते. पण दुपारचं पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर जात असेल, तर ब्रूक ट्राउटवर ताण येतो. तिथे सावली हवीच, आणि त्या दिवसांत गळ टाकणंही थांबवावं.

प्रश्न : आमच्या ओढ्याला हे लागू पडेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ट्राउट नाही, पण काठाची रीत तीच. विलोचा आपला भाऊबंद म्हणजे वाळुंज. तिच्या आणि निर्गुडीच्या खुंट्या पावसाच्या तोंडाशी लावा, पुराचा थेट मारा नसलेल्या भागात. वरच्या उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी घाला. गुरांना पाणी पिण्यासाठी एकच दगडी उतार ठेवून बाकी काठ दोन पावसाळे राखा. आणि खोलीकरणाचं यंत्र आलं तर ओढा सरळ करू देऊ नका. सरळ ओढ्यात पाण्याचा वेग वाढतो, तळ खरवडला जातो आणि पायथा सुटला की लावलेली वाळुंज मुळांसकट खाली येते.