वाचकांचे प्रश्न : नवखा क्वार्टरबॅक तयार कसा होतो?

प्रश्न : माझी मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्याकडे गेल्यावर रविवारी अमेरिकन फुटबॉल पाहण्याची सवय लागली. महाविद्यालयातून नुकताच आलेला बाविशीतला मुलगा एवढ्या चाली लक्षात ठेवून अनुभवी खेळाडूंना हुकूम कसा सोडतो? प्रत्यक्ष सामन्यासाठी त्याची तयारी कशी करून घेतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही म्हणता तो मुलगा म्हणजे क्वार्टरबॅक, संघाला चाल सांगून चेंडू फेकणारा आक्रमणाचा सूत्रधार. चाली पाठ करणे हा त्याच्या तयारीतला तुलनेने सोपा भाग आहे. त्या न अडखळता मोठ्याने सांगणे, आणि सांगून झाल्यावर समोरची बचावफळी पाहून प्रसंगी बदलणे, इथे नवख्याची खरी दमछाक होते. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, नव्या खेळाडूंची निवड एप्रिलअखेर होते, मे महिन्यात त्यांचे छोटे शिबिर भरते, जुलैच्या अखेरीस मुख्य सराव शिबिर लागते आणि सप्टेंबरमध्ये मोसम सुरू होतो. म्हणजे पहिल्याच सामन्यात उतरायचे असेल, तर हाती जेमतेम चार-साडेचार महिने असतात. त्यात अनेक महाविद्यालयीन संघ चाल मैदानाबाहेरून खुणांनी किंवा चित्रफलकांनी कळवत असल्यामुळे, दहा सहकाऱ्यांच्या घोळक्यात, म्हणजे हडलमध्ये, उभे राहून लांबलचक हाक देण्याची वेळ त्याच्यावर पूर्वी फारशी आलेलीच नसते.

ही हाक म्हणजे काय, ते एका साध्या उदाहरणावरून पाहू : ‘गन ट्रिप्स राइट, टू जेट, वाय स्टिक, ऑन वन’. पहिल्या भागात रचना कळते : क्वार्टरबॅक सेंटरपासून, म्हणजे त्याच्याकडे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूपासून, चार-पाच यार्ड मागे आणि झेल घेणारे तिघे उजवीकडे. दुसऱ्या भागात त्याला वाचवण्यासाठी कोणी कोणाला अडवायचे ते ठरते, तिसऱ्यात झेल घेणाऱ्यांनी कोणत्या वाटेने धावायचे ते, आणि शेवटी चेंडू कोणत्या इशाऱ्यावर मागे यायचा ते. शब्द संघागणिक बदलतात आणि काही संघांची हाक याच्या दुप्पट लांब असते. प्रशिक्षक ती हेल्मेटमधल्या रेडिओवरून सांगतो. पण दोन चालींमधल्या चाळीस सेकंदांच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की रेडिओ बंद होतो आणि पुढे क्वार्टरबॅक एकटा असतो. म्हणून काही नवखे खेळाडू ध्वनिमुद्रित हाका घरी ऐकून त्या पुन्हापुन्हा म्हणतात. मनगटावरच्या पट्टीत चालींचे क्रमांक लिहून ठेवण्याची सोय असते, आणि ती वापरण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

मोसम सुरू झाला की आठवड्याची घडी बसते. सोमवारी झालेल्या सामन्याच्या चित्रफिती तपासायच्या. मंगळवारी प्रशिक्षक पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा आराखडा आखतात. बुधवारी पहिल्या व दुसऱ्या डाऊनच्या चाली (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी प्रत्येक संधी म्हणजे डाऊन), गुरुवारी अवघड तिसरा डाऊन, शुक्रवारी गोलरेषेजवळचे शेवटचे वीस यार्ड, आणि शनिवारी सगळे संथ चालीने एकदा करून पाहायचे. अख्ख्या प्लेबुकातून, म्हणजे संघाच्या चालींच्या वहीतून, त्या आठवड्यापुरत्या चाली निवडलेल्या असतात. सॅन फ्रान्सिस्कोचे माजी प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी सामन्याच्या पहिल्या पंधरा-वीस चाली आधीच लिहून ठेवण्याची पद्धत रूढ केली. नवख्याला तिचा मोठा आधार होतो, कारण सुरुवातीला काय येणार हे त्याला आदल्या रात्रीच ठाऊक असते. शहाणा प्रशिक्षक त्याला कोणत्या चाली नकोशा वाटतात हेही विचारतो आणि त्या निमूट वगळतो.

या सगळ्या तयारीत एक गोष्ट मात्र मिळत नाही. सरावात क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची, बहुधा लाल, जर्सी असते आणि त्याला कोणी पाडायचे नसते. चेंडू हाती आल्यापासून साधारण अडीच-तीन सेकंदांत, अंगावर माणूस येत असताना, पहिला साथीदार अडलेला पाहून दुसऱ्याकडे नजर वळवणे हे सामन्यातच शिकावे लागते. वॉशिंग्टनचा जेडेन डॅनियल्स आभासी वास्तवाच्या यंत्रावर चाली वाचण्याचा सराव करत असे आणि 2024 मध्ये तो सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. तरी यंत्र कोणाला आपटत नाही.

मग त्याला लगेच खेळवावे की बसवून ठेवावे? कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्सने 2017 मध्ये अनुभवी क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या मागे थांबून एकच सामना सुरुवातीपासून खेळला आणि पुढच्याच मोसमात 50 टचडाऊन (गोलरेषेपार गुण मिळवून देणाऱ्या फेकी) फेकले. पेटन मॅनिंगला 1998 मध्ये पहिल्या दिवसापासून उतरवले, त्याचे 28 चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी पळवले, इंडियानापोलिसचा संघ 3 सामने जिंकून 13 हरला. पुढच्या वर्षी हेच आकडे नेमके उलटले. आपल्या ह्यूस्टनच्या सी. जे. स्ट्राऊडने 2023 मध्ये पदार्पणातच 4,108 यार्ड फेक केली आणि फक्त 5 चेंडू गमावले. माझ्या मते बाकावर बसण्याने आपोआप कोणी घडत नाही. त्याला वाचवणारी त्याच्याच संघाची फळी भक्कम असेल तर नवख्याला खुशाल खेळवावे, नसेल तर त्याच्या बरगड्या वाचवाव्यात.

पुढच्या वेळी सामना पाहताना हडल मोडते तेव्हा पडद्यावरच्या त्या छोट्या घड्याळात किती सेकंद उरले आहेत ते पाहा. नवख्याच्या संघाचे सात-आठच उरत असतील, तर समोरच्यांना न्याहाळून चाल बदलायला त्याला वेळ मिळत नाही, असे खुशाल समजा.