"समजलं ना?" असं विचारू नकोस

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू काउंटरवर उभी राहू लागलीस, हे वाचून फार आनंद झाला. मुद्दाम लिहितो आहे ते एकाच गोष्टीसाठी. औषध हातात देताना "समजलं ना?" असं विचारू नकोस. त्याला सगळे "हो"च म्हणतात. कुणाला घाई असते, कुणाला लाज वाटते. त्याऐवजी म्हण, "माझं सांगताना काही राहिलं का ते बघते. घरी ही गोळी कशी घ्याल, सांगा बरं." परीक्षा घेतल्याचा सूर मात्र नको.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत हे टाळूच नकोस. संधिवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घरातल्या बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली जाते आणि अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या भागावर, परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो. वार रुग्णाच्याच तोंडून वदवून घे आणि पाकिटावर ठळक लिही.

जमेल तिथे कारणही सांग. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्या, एवढंच सांगितलं तर विसरतात. लोह किंवा कॅल्शियम पोटात तिला बांधून ठेवतं, ती रक्तात पुरेशी उतरत नाही, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, हे कळलं की माणूस स्वतःच वेळ बसवतो.

इनहेलर वापरणं तर नुसतं सांगून जमतच नाही. तुझ्यासमोर ओढून दाखवायला लाव. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरून थुंकायला सांग, नाहीतर तोंडात बुरशी होते.

आणखी काय घेता, हेही विचार. पॅरासिटामॉल सर्दीच्या कितीतरी गोळ्यांमध्ये असतं. प्रौढांसाठी दिवसाला 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू असेल, तर त्याहून कमी. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून ती नकळत ओलांडली जाते.

रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडणाऱ्यांवर रागावू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात. "रोज घेता ना?" याऐवजी "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?" असं विचार. खरं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. खर्च परवडत नाही, चक्कर येते, अशी कारणं तेव्हाच बाहेर येतात, आणि मग डॉक्टरांना फोन करून मार्ग काढता येतो.

कोणत्या औषधाची सूचना लोक उलटी सांगतात, ते मला कळव.

तुझा,
सर