शपथ टिकायला काय लागतं: मोरवडची आप चळवळ आणि इतर

तुमच्या गावची माहिती जमवताना तुम्हाला पडलेला प्रश्न असा आहे, की धर्माच्या आधारानं उभ्या राहिलेल्या दारूबंदी चळवळी लवकर का विरल्या, आणि खानदेशात तसं काही घडलं होतं का. घडलं होतं, आणि मोठं घडलं होतं.

कुठल्याही मंडळीची आधी शपथ वाचावी. १८२६ साली बोस्टनला निघालेल्या अमेरिकन टेम्परन्स सोसायटीचा रोख कडक दारूवर होता, बिअर-वाइनला मोकळीक. पळवाट तिथेच राहिली. १८३२ ला इंग्लंडातल्या प्रेस्टनच्या सात जणांनी सगळीच मादक पेयं सोडली. आयर्लंडात फादर मॅथ्यूंसमोर १८३८ पासून लाखोंनी शपथ घेतली, पदकं घेतली. पण गावोगाव पाठपुरावा करणारी पक्की बांधणी झाली नाही. १८४५ पासून दुष्काळ पडला आणि सगळं ढासळलं.

सातपुड्यात पेच वेगळा. मोहाची दारू पूजेत, लग्नात, मयतीत लागायची. देवाला धार सोडल्याशिवाय विधी पुरा होत नसे. त्यात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरची भट्टी गुन्हा ठरली. मग दुकानातून उधारी, आणि उधारीपायी कर्ज. अशा माणसाला नुसतं 'पिऊ नको' सांगितलं, तर त्यानं देवाचं काय करायचं?

१९२२ ची देवी चळवळ पालघर किनाऱ्यावरून दक्षिण गुजरातपर्यंत पोचली. देवी अंगात आलेल्याच्या तोंडून आज्ञा निघायची: दारू, ताडी, मांस बंद, रोज अंघोळ, दारू दुकानदाराकडे कामाला जायचं नाही. देवी पुढच्या गावाला गेली की मागे लक्ष ठेवणारं कोणी नाही. तिकडच्या चौधरी आदिवासींत पाळणारे वरजेला आणि पुन्हा पिणारे सरजेला अशी फूटच पडली.

१९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुला महाराजांनी नेमकी ही उणीव भरली. धारेच्या जागी आरती आली, भेटल्यावर एकमेकांना 'आप' म्हणायचं, त्यावरूनच आप चळवळ. आरतीला सगळ्यांसमोर उभं राहायचं म्हणजे पिऊन आलेला लपत नाही. १९३८ च्याच जुलैत महाराज वारले, तरी भाऊ रामदास महाराजांनी आरती चालू ठेवली. माझ्या मते या चळवळीचं खरं बळ तिथेच आहे, आणि दारूबंदीच्या इतिहासात तिला फार कमी जागा मिळते.

पुढे १९७२ नंतर शहाद्याकडे श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायका नवऱ्याच्या शपथेची वाट बघत बसल्या नाहीत. गुत्त्यावर जाऊन मडकी फोडली. तुमच्या गावची माहिती जमवताना म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा: धारेऐवजी देवाला काय वाहायला लागले, आणि आरती कोणत्या वर्षी थांबली.